रिळावर गुंडाळलेली वायर वितळली, कारण चुंबकत्व की नुसती उष्णता?

वाघबीळकर | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला वाघबीळजवळ आमची सोसायटी आहे, सात दिवसांचा गणपती असतो. काल आरती चालू असताना मंडपाच्या मागून जळका वास यायला लागला. आधी वाटलं धूप-कापराचा असेल, पण वास प्लास्टिकचा होता. मागे जाऊन बघतो तर एक्स्टेंशनचं रीळ, ते पिवळं हॅन्डलवालं असतं ना, त्याच्यावरची आतल्या थरातली वायर एकमेकांना चिकटून गोळा झालेली. बाहेरचे दोन-तीन वेढे नुसते कोमट होते, पण आत बोट घातलं तर चटका बसला. लगेच मेन बंद केला. बाप्पाची कृपा, कोणाला काही झालं नाही, पडदा तिथून हातभर अंतरावर होता.

रीळ ३० मीटरचं, तीन कोअरची १ स्क्वेअर एमएमची वायर. त्यातली पाच-सहा मीटरच ओढून घेतली होती, बाकी सगळी रिळावरच. लोड म्हणजे ५०० वॉटचे दोन हॅलोजन आणि चहाचा १३०० वॉटचा बॉयलर. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा, तो पडलाच नाही.

आता मुद्दा असा की आमच्या कमिटीतले एक काका, स्वतः खूप वर्षं कंपनीत मेन्टेनन्सला होते, ते म्हणाले की वायर गुंडाळली की कॉइल होतो, कॉइलमध्ये चुंबकक्षेत्र तयार होतं, एसी असल्यामुळे ते सारखं बदलतं, आणि बदललं की इंडक्शन, म्हणजे इंडक्शनच्या शेगडीवर पातेलं तापतं तशी वायर तापली. माझा मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो असं होऊच शकत नाही, कारण एकाच वायरमधून करंट जातो पण आणि परत पण येतो, त्यामुळे क्षेत्र उरतच नाही. मंडपातच दोघांचं अर्धा तास चाललं. मला दोघांचं ऐकताना दोघांचंही पटत होतं. इथे कोणी नीट समजावून सांगेल का? उद्यापासून मंडपात वायरिंग कसं ठेवायचं ते यावर ठरणार आहे.

तांब्याची_तार | रविवार, रात्री ११.५८

पहिलं म्हणजे कोणाला लागलं नाही हे बरं झालं. मी रबाळे एमआयडीसीत पॅनल बनवायच्या कामात आहे, २२ वर्षं झाली, अशी रिळं बरीच बघितलीत. तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

हिशोब करून बघा. १ स्क्वेअर एमएमच्या मऊ तांब्याच्या वायरला किलोमीटरला साधारण १९.५ ओहम रेझिस्टन्स असतो. तुमची वायर ३० मीटर, पण करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधून परत येतो, म्हणजे ६० मीटर धरायची, म्हणजे १.१७ ओहम. लोड २३०० वॉट म्हणजे १० अँपिअर. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, १०० गुणिले १.१७, म्हणजे ११७ वॉट. एवढी उष्णता नुसत्या वायरमध्ये होतेय. त्यातले ९० च्या वर वॉट रिळावरच्या भागात. म्हणजे समजा जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब वायरच्या गुंडाळीत खुपसून वरून गोधडी घातली आणि दोन तास चालू ठेवला, तसं झालं. हीच वायर जमिनीवर सरळ पसरली असती तर मीटरला ४ वॉटसुद्धा नाहीत, हाताला कळलं पण नसतं. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० डिग्री असते, आतला थर त्याच्या पुढे गेला की मऊ पडतो, आणि तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स पण वाढतो, डिग्रीमागे साधारण ०.४ टक्के, म्हणजे अजून उष्णता.

एमसीबी पडणारच नाही, त्याच्या दृष्टीने १० अँपिअर म्हणजे सगळं ठीक.

कोलशेत_खाडी | सोमवार, सकाळी ७.१५

मला हे पूर्ण पटलं नाही. कॉइल म्हटला की इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉइलचा विरोध, आलाच ना? ट्यूबलाइटचा जुना चोक तापायचाच की, हात लावता यायचा नाही. आणि माझ्या ओळखीच्या वायरमनने पण हेच सांगितलंय की वायर गोल गुंडाळून ठेवू नका, मॅग्नेट तयार होतो. एवढी माणसं म्हणतात ती उगाच का?

नौपाडा_मास्तर | सोमवार, सकाळी ९.३०

मी ज्युनियर कॉलेजला ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रश्न फार चांगला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कोलशेत, तुमच्या वायरमनचा सल्ला शंभर टक्के योग्य आहे, वायर गुंडाळून लोड टाकू नये. कारण मात्र वेगळं आहे. चोक तापायचा त्याची दोन कारणं, एक म्हणजे आतल्या बारीक तारेचा रेझिस्टन्स, आणि दुसरं म्हणजे आतला लोखंडी गाभा, त्याच्यात भोवरा प्रवाह (धातूच्या आतच गोल फिरणारे करंट) फिरतात आणि लोखंडाचं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा उलटसुलट होताना ऊर्जा खर्च होते. चोकमध्ये करंट एकाच दिशेने सगळे वेढे घेतो. रिळात लोखंड नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे प्रत्येक वेढ्यात दोन तारा अंगाला अंग लावून चालल्यात, एकीतून जेवढा करंट पुढे जातो बरोबर तेवढाच दुसरीतून मागे येतो.

ओरस्टेडने १८२० साली कोपनहेगनला बघितलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसूची वळते. उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेने धरा, बोटं जशी वळतात तसं क्षेत्र तारेभोवती फिरतं, हे दहावीत सगळ्यांनी केलंय. आता दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या, एकीचा अंगठा वर, दुसरीचा खाली. बाहेर थोडं लांब उभं राहून बघितलं तर एकीचं क्षेत्र दुसरीचं खोडून काढतं. उरतं ते फक्त त्या दोन तारांच्या मधल्या फटीत, दोन-तीन मिलिमीटरच्या.

मी मुलांना नेहमी एकच गोष्ट विचारायला सांगायचो: करंट जातो कुठून, येतो कुठून, आणि त्या दोघांच्या मध्ये जागा किती? ती जागा म्हणजे लूपचं क्षेत्रफळ. क्षेत्र पसरतं, बल लागतं, इंडक्शन होतं ते सगळं त्या जागेच्या जिवावर. जाणारी आणि येणारी तार जवळ आणली की लूप मिटतो, लांब नेली की उघडतो. तुमच्या रिळाला बाहेरून ४० वेढे दिसतात, पण करंटच्या दृष्टीने तो एक अतिशय लांब आणि तीन मिलिमीटर रुंदीचा लूप आहे, वेटोळं करून ठेवलेला.

आणि समजा एकाच तारेचं रीळ असतं तरी काय झालं असतं तेही सांगतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचे ४८ वेढे, १० अँपिअर, तर मधोमध क्षेत्र साधारण ३ मिलिटेस्ला येतं. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ ८० पट, करंट एकाच दिशेचा (डीसी) असता तर चुंबकसूची ताडकन फिरली असती. इंडक्टन्स अर्धा मिलिहेन्री, त्यामुळे ५० हर्ट्झला अडथळा ०.१५ ओहम. म्हणजे दीड व्होल्टचा फरक, आणि तो अडथळा उष्णता करत नाही, ऊर्जा क्षेत्रात साठते आणि परत मिळते. तेव्हासुद्धा वायर तापली असती ती रेझिस्टन्समुळेच.

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी १.१०

मास्तरांनी सांगितलं ते आम्ही रोज हातात बघतो. टाँग टेस्टर असतो ना, तो जबडा वायरभोवती लावला की अँपिअर दाखवतो. नवीन पोरगं कामाला आलं की हमखास तो अख्ख्या केबलभोवती लावतं आणि सांगतं, साहेब करंटच नाहीये. मोटर समोर फिरतेय आणि मीटरवर शून्य! कारण जाणारा आणि येणारा दोन्ही जबड्याच्या आत. एकच कोअर वेगळी काढून जबड्यात घ्यावी लागते. आणि करंट फार कमी असेल तर त्याच कोअरचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे, मीटर दहा पट दाखवतो, मग दहाने भागायचं.

पण काकांना अगदीच चूक म्हणू नका. त्यांनी कंपनीत काढली ना वर्षं, त्यांनी खरं इंडक्शनचं तापणं नक्की बघितलेलं असणार. मोठ्या करंटला आम्ही प्रत्येक फेजची वेगळी सिंगल कोअर केबल टाकतो, ती पॅनलमध्ये शिरते तिथे ग्लँड प्लेट असते. ती प्लेट साध्या लोखंडाची ठेवली आणि प्रत्येक केबलला वेगळं भोक पाडलं तर प्लेट अशी तापते की रंग करपतो. कारण त्या एकेका भोकातून करंट फक्त जातोय, परत येणारा दुसऱ्या भोकातून. मधल्या लोखंडाला पूर्ण वेढा बसतो आणि त्याच्यात भोवरा प्रवाह सुटतात. म्हणून तिथे ॲल्युमिनियमची प्लेट लावतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ३०० अँपिअरचा फीडर होता, प्लेटवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झाला.

पावसाळी_छत्री | सोमवार, संध्याकाळी ६.४५

मस्त चाललाय धागा, दोन प्रश्न विचारून घेते. माझी मुलगी पण बारावीला आहे.

एक, तिला गणित आलंय: एका लांब सरळ तारेत १० अँपिअर, शेजारी २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आयताकृती लूप, त्यात २ अँपिअर, जवळची बाजू तारेपासून २ सेंटिमीटरवर. लूपवर एकूण बल किती? तिचं म्हणणं समोरासमोरच्या बाजूंत करंट उलट आहे तर बल शून्य यायला पाहिजे.

दोन, आमच्या सोसायटीच्या गेटला बूम बॅरिअर आहे, त्याच्यासमोर रस्त्यात चौकोनी खाच मारून वायर पुरलीय, गाडी आली की कळतं. चारचाकी बरोबर कळते, पण माझी स्कूटर मधोमध उभी केली तर कळत नाही, एकदा दांडा माझ्या हेल्मेटवर आला. हे पण याच धाग्यातलं आहे का?

नौपाडा_मास्तर | सोमवार, रात्री ९.०५

ताई, आधी गणित. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं तर मुलगी म्हणते तसं एकूण बल शून्यच आलं असतं, नुसता लूप वळला असता, मोटर आणि गॅल्व्हनोमीटर त्याच्यावरच चालतात. पण सरळ तारेचं क्षेत्र लांब जावं तसं कमी होतं. जवळची बाजू २ सेंटिमीटरवर, लांबची १२ वर. तिला म्हणावं दोन बाजूंची बलं वेगवेगळी काढ आणि वजा कर: २ गुणिले दहाचा उणे सातवा घात, गुणिले १०, गुणिले २, गुणिले ०.२, गुणिले कंसात १ भागिले ०.०२ वजा १ भागिले ०.१२. साधारण ३.३ गुणिले दहाचा उणे पाचवा घात न्यूटन येईल. जवळच्या बाजूचा करंट तारेच्याच दिशेने असेल तर लूप तारेकडे ओढला जातो, उलट असेल तर लोटला जातो. उरलेल्या दोन आखूड बाजूंची बलं एकमेकांना खोडतात, तिथे वेळ घालवू नये.

समांतर करंट एकमेकांना ओढतात आणि विरुद्ध करंट लोटतात हे ॲम्पिअरने ओरस्टेडच्या बातमीनंतर काही आठवड्यांत, त्याच १८२० सालात दाखवलं. यातून एक सुंदर गोष्ट निघते जी पुस्तकात पटकन दिसत नाही. कुठल्याही लूपच्या समोरासमोरच्या बाजूंत करंट विरुद्धच असतो, म्हणजे लूप स्वतःच स्वतःला बाहेर ढकलत असतो, त्याला पसरून गोल व्हायचं असतं. स्वयंपाकाच्या फॉइलची बारीक पट्टी दुमडून तिच्यातून बॅटरीचा करंट क्षणभर सोडला तर दोन्ही पदर फाकताना डोळ्यांना दिसतात. माझ्या वर्गात हे बघायला मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन उभी राहायची.

गेटच्या लूपचं उद्या लिहितो, किंवा तार दादा लिहितील.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री १०.२०

बल म्हणाल तर आमच्या कामात ते फारच मनावर घ्यावं लागतं. घरच्या वायरमध्ये १० अँपिअरला दोन तारा एकमेकींना मीटरमागे एक ग्रॅमच्या वजनाएवढंसुद्धा लोटत नाहीत. पण पॅनलमध्ये शॉर्ट झाला, समजा १०,००० अँपिअर, आणि दोन बसबार (करंट नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) ५ सेंटिमीटर अंतरावर, तर मीटरमागे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोचं पोतं टांगल्यासारखं, आणि ते पण फटक्यासारखं. बल करंटच्या वर्गाने वाढतं ना. म्हणून बसबारचे सपोर्ट किती अंतरावर घ्यायचे ते त्या हिशोबाने ठरतं. शॉर्ट झाल्यावर वाकलेली बार बघितलीय मी, माझ्या मनगटाएवढी रुंद तांब्याची पट्टी धनुष्यासारखी.

आता गेट. खाचेत साधारण तीन-चार वेढे वायर असते, डिटेक्टर त्याच्यात काही दहा हजार हर्ट्झचा करंट सोडतो. गाडी वर आली की तिच्या खालच्या पत्र्यात भोवरा प्रवाह निघतात, ते लूपच्या क्षेत्राला विरोध करतात, त्यामुळे लूपचा इंडक्टन्स थोडा कमी होतो आणि वारंवारता किंचित वाढते. तेवढं डिटेक्टरला पुरतं. गाडी लोखंडाची असायला हवी असं पण नाही, ॲल्युमिनियम पण चालतं.

स्कूटरचं असं आहे की क्षेत्र सगळ्यात दाट वायरच्या अगदी जवळ असतं. तुम्ही मधोमध उभ्या राहता तिथे स्कूटरचा धातू कमी आणि वायर लांब. खाचेची रेघ डांबर भरल्यामुळे काळी दिसते, त्या रेघेच्या बरोबर वर दोन्ही चाकं येतील अशी स्कूटर लावून बघा, पुढेमागे जाणाऱ्या बाजूवर. आणि सोसायटीला सांगून दांड्याखाली फोटोसेल (मध्ये कोणी आलं की प्रकाश अडून कळवणारा सेन्सर) लावून घ्या, नुसत्या लूपवर माणसाची सुरक्षा ठेवू नये. अजून एक, लूपपासून खांबापर्यंत जी वायर जाते ती पिळलेली पाहिजे, मीटरला वीस पिळाच्या आसपास. ती नुसती सैल सोडली की तिचाच एक लूप होतो आणि शेजारून गाडी गेली तरी गेट उघडतं. मास्तरांचा जागेचा मुद्दा इथे पण तोच.

खांदेश्वरची | मंगळवार, सकाळी ८.५०

हे वाचून राहवलं नाही. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, रोज त्या रस्त्याने जाताना किती जणांना माहीत असतं की तिचा इतिहास लूपशी जोडलेला आहे!

कुलाब्याला वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मग मुंबईत विजेच्या ट्रामचं ठरलं. ट्रामचा करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळातून, जमिनीतून परत जातो. म्हणजे बघा, जाणारी वाट डोक्यावर आणि येणारी पायाखाली, मध्ये केवढी जागा, आणि जमिनीत तर तो करंट वाट फुटेल तिकडे पसरतो. हा शहराएवढा लूप झाला. त्याच्या क्षेत्रात नाजूक उपकरणं काय मोजणार? त्या वेळचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली, १९०४ ला तिथे वेधशाळा सुरू झाली, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुन्या नोंदी नव्यांना जोडता येतील, आणि १९०७ ला मुंबईत ट्राम विजेवर धावली. किती दूरचा विचार! अलिबागची इमारत पण चुंबकीय नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे. ती अजून चालू आहे, आणि मास्तरांनी वर ३८ मायक्रोटेस्ला म्हटलं ते तिथल्याच आसपासचं.

त्याच कुलाब्याच्या नोंदींमध्ये सप्टेंबर १८५९ चं मोठं सौर वादळ सापडतं. क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं, म्हणजे दीड मायक्रोटेस्लाच्या थोडं वर, फोनच्या कंपासला धड कळणार पण नाही एवढं. पण युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांत त्याच वादळाने एवढा प्रवाह आला की काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवून संदेश पाठवले. क्षेत्रातला बदल एवढासा, पण तार शेकडो किलोमीटर लांब आणि परतीची वाट जमिनीतून, म्हणजे लूप प्रचंड मोठा.

वाघबीळकर | मंगळवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आम्ही प्रयोग केला. मुलाची कल्पना होती आणि मला ती फार आवडली, कारण वेगळं काही बनवावंच लागलं नाही, नवीन आणलेलं रीळच वापरलं. जास्त महत्त्वाचं म्हणजे २३० व्होल्ट कुठेच नाही, स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी आणि इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. कृपया कोणी हे घरच्या सॉकेटवर करू नका.

रीळ जमिनीवर आडवं ठेवलं, मधल्या भोकाच्या वर प्लास्टिकच्या डब्यावर फोन ठेवला, चुंबकक्षेत्र मोजायचं ॲप लावून. वेढ्यांच्या मध्यापासून फोन साधारण ८ सेंटिमीटर वर. काही न जोडता ४५ मायक्रोटेस्ला.

पहिल्यांदा एकच कोअर घेतली. बॅटरीपासून प्लगच्या फेजच्या पिनेला, ३० मीटर फिरून सॉकेटच्या फेजच्या भोकातून बल्बला, आणि तिथून बाहेरच्या सुट्या वायरने थेट बॅटरीला. बल्ब लागला आणि फोनवरचा आकडा २४५ च्या पुढे गेला! मुलाने आधीच वहीत मांडून ठेवलं होतं, पावणेदोन अँपिअरला मधोमध ५२८ आणि ८ सेंटिमीटर वर अडीचशेच्या आसपास. शेजारी ठेवलेल्या होकायंत्राची सुई तर गर्रकन वळून थरथरत राहिली.

मग फक्त परतीची वायर बदलली. बाहेरून न आणता रिळातल्याच न्यूट्रलमधून. बल्ब तसाच लागला, थोडासाच मंद. फोनवर ४६. बल्ब चालू-बंद, चालू-बंद करून बघितलं, एक-दीडचा फरक, बस. सुई जागची हलली नाही.

काका समोर खुर्ची टाकून बसले होते. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग स्वतः उठले, चष्मा लावला आणि म्हणाले, परत एकदा पहिली जोडणी कर. मग परत दुसरी. असं चार वेळा. मग म्हणाले, आमच्याकडे तापायची ती प्लेट होती रे, केबल नव्हती, मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो. तांब्याची तार, तुमचा तो ग्लँड प्लेटचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला, त्यांनी लगेच ओळखलं.

कोलशेत_खाडी | बुधवार, सकाळी ७.४०

आकडे बघून पटलं. २४५ आणि ४६ म्हणजे वाद संपला. मास्तर, फक्त एक शंका, फोनने डीसीवर मोजलं, एसीवर वेगळं काही होत असेल तर?

नौपाडा_मास्तर | बुधवार, सकाळी १०.००

योग्य शंका. एसीवर सुई किंवा फोन नीट दाखवणार नाही, दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते, सुईला तेवढ्या वेगाने वळता येत नाही. तिथे फॅरेडेची पद्धत वापरायची, १८३१ साली त्याने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून केलं तेच. एका जुन्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर तोच बल्ब लावा आणि रिळाच्या वेढ्यांवरूनच दुसरी बारीक वायर ५० वेढे गुंडाळून तिची टोकं मल्टिमीटरला द्या, एसी व्होल्टवर. एक कोअर वापरलीत तर ०.२ व्होल्टच्या आसपास दिसेल. दोन्ही कोअर वापरल्यात तर जवळजवळ शून्य. दुसऱ्या कॉइलला फक्त एवढंच कळतं की आपल्या आतून जाणारं क्षेत्र बदलतंय की नाही, आणि दुसऱ्या जोडणीत बदलायला क्षेत्रच नाही.

तांब्याची_तार | बुधवार, दुपारी १.३०

वाघबीळकर दादा, मंडपात आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) आहे का ते आज बघा, पाऊस आहे. तो पण हेच तत्त्व. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका कड्यातून जातात, गेला तेवढा परत आला तर कड्यात क्षेत्र शून्य. कोणाच्या अंगातून किंवा ओल्या खांबातून थोडा करंट जमिनीत गेला की तेवढा परत येत नाही, बाकी उरते, कड्यावरच्या बारीक कॉइलमध्ये व्होल्टेज येतं आणि स्विच पडतो. ३० मिलिअँपिअरचा घ्या. टेस्टचं बटण दाबून पडतो का ते रोज संध्याकाळी आरतीच्या आधी बघायचं. आणि लक्षात असू द्या, रीळ तापलं ते आरसीसीबीला कळत नाही, एमसीबीला पण कळत नाही. ते हाताने आणि डोळ्यानेच बघायचं.

पावसाळी_छत्री | बुधवार, संध्याकाळी ७.२०

स्कूटर काळ्या रेघेवर लावली, पहिल्याच फटक्यात दांडा वर गेला! मुलीचं गणित पण जुळलं. फोटोसेलचा अर्ज कमिटीला दिलाय.

वाघबीळकर | गुरुवार, रात्री १२.१५

आज विसर्जन झालं, आत्ताच उपवनहून आलो. आरसीसीबी जुन्या बोर्डावर नव्हताच, सोमवारी दुपारीच वेगळी लाइन टाकली होती, काल आरसीसीबी पण लावून घेतला. टेस्टचं बटण काल आणि आज आरतीआधी दाबलं, दोन्ही वेळा पडला. बॉयलरला थेट वेगळी २.५ ची वायर दिली, हॅलोजन काढून एलईडी लावले.

अजून एक सांगायचं राहिलं. मंडप उतरवताना जळलेल्या रिळाचा स्टिकर नीट पुसून वाचला. त्याच्यावर दोन आकडे छापलेत, पूर्ण गुंडाळलेलं असताना १००० वॉट, पूर्ण उलगडल्यावर ३०००. आम्ही २३०० टाकले होते. एवढी वर्षं ते रीळ आमच्याकडे आहे, कोणी वाचलंच नव्हतं. काकांनी नवीन रिळाच्या दोन्ही बाजूंना जाड मार्करने लिहिलंय, "आधी पूर्ण उलगडा, मग लोड द्या", आणि शनिवारी सोसायटीच्या मुलांना तो सुईचा प्रयोग दाखवायला मुलाला बोलावलंय. बॅटरी ते स्वतः आणणार आहेत.